जपानी गाड्या आल्या ते दिवस

मागच्या वर्षी मंडपात आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि ज्येष्ठ मंडळी खुर्च्या ओढून बसली. विषय निघाला, बालाघाटात पहिली मारुती कोणी आणली? एकजण म्हणाले, वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्यांनी. दुसरे म्हणाले, छे, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या एका इंजिनियरसाहेबांनी. अर्धा तास वाद रंगला, निकाल काही लागला नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी तेवढ्यावरून हा लेख आमच्या गळ्यात घातला. आमच्याकडे मेकॅनिकलची पदविका आणि नोकरी सरकारी, तेव्हा वेळच वेळ असणार असा त्यांचा समज! पण खरे कारण वेगळे आहे. आमचे काका त्या काळी नागपुरात एका वितरकाकडे नव्या मारुती गाड्या विकत असत.

"विकत असत" हे काकांना मान्य नाही. ते म्हणतात, "विकत कुठले रे, वाटत होतो. रेशनच्या साखरेसारख्या."

त्यांचे म्हणणे समजायला थोडे मागे जावे लागते. 1980 च्या आसपास आपल्याकडे मोटार म्हणजे मुख्यतः दोनच नावे, उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे दिल्लीचा परवाना ठरवी. सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजार मोटारीही बनत नव्हत्या. बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. मुलाच्या मुंजीला नंबर लावला तर लग्नात स्कूटर मिळे, ही त्या काळची थट्टा अगदीच खोटी नव्हती.

मारुती कंपनी मुळात संजय गांधींनी 1971 मध्ये काढलेली. ती बुडाली, सरकारने 1980 मध्ये ताब्यात घेतली, 1981 मध्ये मारुती उद्योग लिमिटेड स्थापन झाली आणि 1982 च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा सुरुवातीला 26 टक्के होता. 1983 मध्ये दहा हजार रुपये भरून नोंदणी सुरू झाली आणि सव्वा लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले. गाडी अजून कोणी धड पाहिलेलीही नव्हती! नंबर सोडतीने ठरले. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली किल्ली मिळाली ती दिल्लीच्या हरपाल सिंग यांना. ते इंडियन एअरलाइन्सचे कर्मचारी होते, कोणी राजा-महाराजा नव्हते. आपल्यासारख्या पगारदार माणसांच्या मनात आशा पेटली ती तिथे.

आमचे आबा भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनीही दहा हजार भरले. घरात सायकली दोन, चालवायला येणारे शून्य. आजीने विचारले, "गाडी घेऊन जायचे कुठे?" आबा म्हणाले, "रामटेकला." विषय संपला.

काका सांगतात, शोरूममध्ये एकच गाडी असे आणि तीही बहुधा कोणाला तरी द्यायची असे. लोक गोंदिया, बालाघाट, शिवनीहून छोट्या रेल्वेने, एसटीने येत, गाडीला हात लावून बघत. ॲम्बेसेडरच्या बॉनेटवर माणूस उभा राहिला तरी पत्रा दबत नसे. या गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, ॲम्बेसेडरच्या जवळजवळ निम्मे. बोटाने टिचकी मारून लोक म्हणत, "हा तर डालड्याचा डबा!" बारा इंची चाके पाहून बैहरच्या घाटाचे काय, हा प्रश्न आमच्या भागातल्या प्रत्येकाचा ठरलेला. काका त्यांना बसवून समजावत. 796 सीसीचे इंजिन आहे, सिलेंडर तीन, पण ते आडवे बसवले आहे आणि पुढचीच चाके ओढतात, त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट नाही, वजन वाचते, आतली जागा वाचते. इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडते. लिटरला ॲम्बेसेडरच्या दीडपट तरी जाते. हे सगळे ऐकून माणूस खूश होई आणि विचारी, "मग कधी मिळेल?" तिथे काकांचे ज्ञान संपे. नंबर कारखान्याच्या यादीत, यादी गुडगावला.

मिस्त्री लोकांची वेगळीच पंचाईत. आयुष्य फियाट-ॲम्बेसेडरमध्ये गेलेल्या माणसाला या इंजिनात पाना घालायला जागाच सापडेना. बालाघाटहून एक प्लग आणायचा तरी नागपूरची फेरी पडे.

याच काळात दुसरा एक धंदा जोरात होता, ऑनचा. ज्याचा नंबर लागला त्याने गाडी घ्यायची आणि वर पंधरा-वीस हजार घेऊन दुसऱ्याला द्यायची. शोरूमच्या बाहेर दलाल उभे असत. काकांच्याही हातात पाकिटे कोंबायचा प्रयत्न होई. यादी बदलणे त्यांच्या हातात नव्हते, पण कोणाचा नंबर आला हे त्यांना आधी कळे आणि तेवढी बातमीही विकली जाई. काकांनी ती विकली नाही. "बाप खाणीत चाळीस वर्षे राबला, त्याच्या नावाला बट्टा नको," असे ते तेव्हा म्हणत.

1986 मध्ये त्याच बापाचा नंबर लागला. त्याच वर्षी आत्याचे लग्न ठरले. खर्चाचा हिशोब बसेना. आबांनी काकांना न कळवता कोतमा पट्ट्यातल्या एका ठेकेदाराशी बोलणे केले. त्याच्या पैशातून गाडी उचलली आणि वर वीस हजार घेतले. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे होतो. आठवते ते इतकेच, की एका रात्री दारात गाडी उभी होती, आजीने नारळ फोडला, आणि सकाळी ती नव्हती.

काका लग्नाला आले. दिवसभर पंगतीत वाढत होते, शेवटच्या पंगतीपर्यंत. स्वतः जेवले नाहीत. आबांशी पुढे दोन वर्षे पत्रानेच बोलले, तेही आजीच्या पत्रात खाली दोन ओळी.

काकांनी ती नोकरी लवकरच सोडली आणि हलक्या ट्रकच्या विक्रीत गेले. खरी विक्री तिथे शिकलो, असे ते सांगतात. सरकारने त्या सुमारास चार जपानी हलके ट्रक येऊ दिले होते: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑलविन निसान आणि आयशर मित्सुबिशी. यातला आयशर आपल्या मध्य प्रदेशातला, पिथमपूरचा. त्याच पिथमपुरात पुण्याच्या फिरोदियांनी कायनेटिक होंडा काढली होती. गिअर नाही, बटण दाबले की सुरू. साडी नेसून चालवता येणारी ती स्कूटर आपल्या कितीतरी शिक्षिका भगिनींनी चालवली असेल.

ट्रकसाठी मात्र रांग नव्हती. 1985 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोठ्या देशांचा चलनाचा करार झाला आणि येन महाग होऊ लागला. डॉलरला साधारण 240 येन मिळत, ते वर्षभरात दीडशेच्या घरात आले. जपानहून येणारा प्रत्येक सुटा भाग महागला, मारुतीची किंमतही वाढली, पण मारुतीला गिऱ्हाइके थांबलेलीच होती. ट्रकवाल्यांसमोर टाटांनी 1986 मध्ये 407 आणून उभा केला. देशी, स्वस्त, आणि कोणत्याही ढाब्यापाशी दुरुस्त होणारा. काका तिरोडा-लांजीच्या तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या ओट्यावर तासन्तास बसत, डिझेलचा हिशोब कागदावर मांडून दाखवत. दहात एखादा ट्रक जाई. त्या एका ट्रकचा त्यांना आजही अभिमान आहे. मारुतीच्या शेकडो किल्ल्या दिल्या, त्यांचा विशेष नाही.

आमच्या मते चूक आबांची नव्हती आणि काकांचीही नव्हती. दहा हजाराच्या पावतीची किंमत रोज वाढत राहील अशी व्यवस्था केली, की ती पावती कधीतरी बाजारात जाणारच. हे काकांना पटत नाही. असो.

या लेखासाठी आम्ही आबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी नोंदणीची पावती निघाली, घडीवर फाटलेली. मागच्या महिन्यात काका नागपूरहून आले तेव्हा त्यांना दाखवली. आत्याही माहेरपणाला आलेली. काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारले, "रंग कोणता होता गाडीचा?" ते लग्नाला पोहोचले तोवर गाडी गेलेली होती, त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

"पांढरा," आत्या म्हणाली. "आबांनी मला मागच्या सीटवर बसवलं होतं. ठेकेदाराच्या ड्रायव्हरने गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. तुला सांगू नको म्हणाले होते."