सिग्नल मीटर : बूस्टर बसवण्याआधीची मोजणी

मोबाइलच्या पडद्यावरील चार-पाच दांड्या पाहून सिग्नलची पारख करण्याची सवय सर्वांनाच आहे. मात्र या दांड्यांना सर्वमान्य परिमाण नाही. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनपैकी एकावर तीन, तर दुसऱ्यावर एकच दांडी दिसू शकते. इमारतीच्या आतील सिग्नल वाढवण्यासाठी बूस्टर, अर्थात रिपीटर, बसवताना म्हणूनच दांड्यांवर नव्हे, तर सिग्नल मीटरच्या आकड्यांवर विसंबावे लागते.

बूस्टरचे भाग तीन : गच्चीवर मोबाइल टॉवरच्या दिशेने रोखलेला अँटेना, मधला प्रवर्धक आणि खोलीतील अँटेना. टॉवरकडून आलेल्या लहरी वाढवून आत सोडणे आणि आतल्या फोनच्या लहरी वाढवून टॉवरकडे धाडणे, ही दोन्ही कामे तो एकाच वेळी करतो. नवा सिग्नल तो निर्माण करत नाही. गच्चीवरच काही मिळत नसेल, तर खोलीतही काही येणार नाही.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत, मोजली जाते. फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती त्यापेक्षा कितीतरी कमी असल्याने आकडा उणे येतो. ही मोजपट्टी साधी नव्हे : तीन डेसिबलने आकडा वाढला की शक्ती दुप्पट होते, दहाने वाढला की दसपट. फोर-जी जाळ्यासाठी ‘आरएसआरपी’ हा आकडा पाहतात. ढोबळमानाने उणे ८० किंवा त्याहून वरचा उत्तम, उणे १००च्या आसपासचा कामचलाऊ, तर उणे ११०च्या खाली गेल्यावर संभाषण तुटण्याची शक्यता वाढते.

या एकाच आकड्यावर थांबणे मात्र धोक्याचे. सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तरही तितकेच महत्त्वाचे असते. दाट वस्तीत अनेक टॉवरच्या लहरी एकमेकींवर आदळतात. तेथे ताकद भरपूर, पण गुणोत्तर शून्याच्याही खाली, असे चित्र दिसू शकते. प्रवर्धकाला यातला भेद कळत नाही, तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. अशा ठिकाणी बूस्टरवरील खर्च बहुधा वाया जातो. स्वस्त मीटरची अडचणही हीच आहे. ते संपूर्ण पट्ट्यातील एकूण शक्ती दाखवतात, ती कोणत्या कंपनीची आणि कोणत्या टॉवरची, हे सांगत नाहीत. विशिष्ट टॉवरचा आकडा वेगळा काढून देणारा मीटर महाग असला, तरी काम त्यानेच होते.

मोजणीची सुरुवात गच्चीपासून होते. अँटेना थोडा थोडा फिरवत, प्रत्येक थांब्यावर आकडा स्थिर होऊ देत, पूर्ण फेरी नोंदवली जाते. डोळ्यांना दिसणारा जवळचा टॉवर सर्वोत्तम असेलच असे नाही. तो दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो, किंवा मध्ये उंच इमारत आल्याने दूरच्या टॉवरचा सिग्नल अधिक स्वच्छ मिळू शकतो. नंतर प्रत्येक खोलीत मोजमाप घेतले जाते. दिवसभरात रहदारीनुसार गुणोत्तर बदलत असल्याने सकाळ-संध्याकाळच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवणे शहाणपणाचे. गच्चीपासून प्रवर्धकापर्यंतची केबल जितकी लांब व बारीक, तितकी गळती अधिक. वरच्या कंप्रतेवर ती आणखी वाढते.

सर्वांत नाजूक प्रश्न दोन अँटेनांमधील अंतराचा. माइक कर्ण्याजवळ नेला की सभागृहात शीळ घुमते, तसाच प्रकार येथे घडतो. आतल्या अँटेनाच्या लहरी बाहेरच्या अँटेनापर्यंत पोहोचल्या, तर त्या पुन्हा वाढून आत येतात आणि हे चक्र थांबत नाही. यासाठी दोन अँटेनांमधील विलगता बूस्टरच्या वाढीपेक्षा साधारण १५ डेसिबलने अधिक असावी, असा संकेत आहे. तीही मीटरनेच तपासावी लागते. ही तपासणी टाळल्यास तोटा केवळ घरमालकाचा होत नाही. घुमणाऱ्या बूस्टरचा गोंगाट टॉवरच्या ग्राहकयंत्रात शिरतो आणि परिसरातील दुबळे फोन टॉवरला ऐकूच येईनासे होतात. शेजारच्या इमारतीतून रुग्णवाहिकेला केलेला फोन लागत नाही, याचे कारण समोरच्या गच्चीवरचा अँटेना असू शकतो.

कायद्याचा कटाक्ष याच कारणाने आहे. अमेरिकेत २०१३ साली केलेल्या नियमांनुसार प्रमाणित बूस्टर ग्राहकाला वापरता येतो. मात्र त्याला मोबाइल कंपनीची संमती व नोंदणी लागते आणि घुमू लागताच ते यंत्र आपोआप बंद पडावे लागते. भारतात ती मुभा नाही. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज अन्य कुणीही बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ऑनलाइन बाजारात वस्तू सहज मिळते, म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. येथे बूस्टर बसवायचा, तर तो कंपनीने.

आकडे मोजण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘अबाउट फोन’ या भागात, ‘सिम स्टेटस’खाली बहुधा डीबीएमचा आकडा मिळतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवल्यास चाचणीचा पडदा उघडतो. घरात ब्रॉडबँड असेल, तर वाय-फायवरून संभाषणाची सोय पुरेशी ठरते. भारतात ती २०१९च्या अखेरीपासून मिळू लागली. तसे नसल्यास खोली, तारीख, वेळ व आकडा असा तक्ता करून तो कंपनीकडील तक्रारीला जोडावा. परिसरात कोणाचे टॉवर कोठे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर पाहता येते. ‘सिग्नल येत नाही’ या मोघम वाक्यापेक्षा ‘तिसऱ्या मजल्यावरील मागच्या खोलीत उणे ११८’ ही नोंद कंपनीच्या अभियंत्याला नेमकी कळते.