लिस्पचे अस्तर: यंत्राला टेकलेल्या थोड्या ओळींचा इतिहास

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी म्हटली की डोळ्यांपुढे येते ते तिचे उंच पोलादी कवच. परंतु सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या लोखंडाचा दाह ते कवच सोसत नाही. तो सोसते आतले उष्णतारोधक विटांचे अस्तर. हे अस्तर बाहेरून दिसत नाही आणि ते सतत झिजत असते. काही वर्षांनी भट्टी थांबवून ते नव्याने बांधावे लागते. भिलाईच्या महाकाय कारखान्यापासून जवळच्या रसमडा औद्योगिक पट्ट्यातील छोट्या कारखान्यांपर्यंत, लोखंड वितळवणाऱ्या कोणालाही हा खर्च चुकत नाही.

संगणकाच्या भाषांनाही असे अस्तर असते. त्यांतल्या एका दीर्घायुषी भाषेचे, म्हणजे लिस्पचे, पहिले अस्तर नेमके याच काळात घातले जात होते.

१९५८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्पच्या उभारणीस आरंभ केला. आकडेमोड करणाऱ्या यंत्राकडून चिन्हांवरील तर्क करवून घ्यावा, हा त्यांचा हेतू होता. लिस्पमध्ये विदा आणि आज्ञावली या दोहोंचे रूप एकच, कंसांत मांडलेली यादी. एप्रिल १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मॅकार्थी यांनी लिस्पच्या कोणत्याही पदावलीचे मूल्य काढणारे ‘इव्हॅल’ हे फल मांडले आणि तेही लिस्पच्याच परिभाषेत. त्यांच्या लेखी ही सिद्धान्ताची मांडणी होती. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांना मात्र त्यात वेगळीच शक्यता दिसली. हे फल यंत्रभाषेत उतरवले, तर लिस्प प्रत्यक्ष चालू लागेल! रसेल सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत करीत आहेत, असे मॅकार्थी यांना प्रथम वाटले. रसेल यांनी आयबीएम ७०४ या संगणकाच्या आज्ञांमध्ये ‘इव्हॅल’ हाताने लिहून काढले आणि लिस्प चालू लागली.

त्या यंत्राची खूण भाषेच्या अंगावर आजही आहे. आयबीएम ७०४ मधील शब्द ३६ बिटांचा असे. त्यात १५-१५ बिटांचे दोन भाग होते. एकाचे नाव ‘अॅड्रेस’, दुसऱ्याचे ‘डिक्रिमेंट’. प्रत्येक भागात स्मृतीतील एक पत्ता मावत असल्याने यादीतील एक कडी एका शब्दात बसे. यादीतील पहिला घटक देणाऱ्या क्रियेला ‘कार’ आणि उरलेली यादी देणाऱ्या क्रियेला ‘कुडर’ ही नावे या दोन भागांच्या आद्याक्षरांवरून पडली. आयबीएम ७०४ केव्हाच संग्रहालयात गेला. ‘कार’ आणि ‘कुडर’ मात्र आजचे विद्यार्थीही लिहितात.

यंत्राला चिकटून लिहिण्याची किंमत काय असते, हे त्याच सुमारास मुंबईत दिसून आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र घडवले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण क्षमतेचा संगणक कार्यान्वित केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी फेराइट स्मृती होती. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. टिफ्रॅकवरील आज्ञावल्या यंत्राच्याच अंकी भाषेत लिहिल्या जात आणि भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून आत भरल्या जात. कोणती संख्या स्मृतीच्या कोणत्या घरात आहे, याचा हिशेब लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायचा.

१९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा होता, आज्ञासंच वेगळा होता आणि त्यावर फोरट्रानसारखी उच्चस्तरीय भाषा उपलब्ध होती. टिफ्रॅकसाठी लिहिलेली अंकांची माळ या नव्या यंत्रासाठी निरर्थक होती. त्यामागचे गणित टिकले, पण लिहिलेली ओळ टिकली नाही. यंत्र निवृत्त झाले की त्याच्याच भाषेत लिहिलेले सारे काही त्याच्याबरोबर निवृत्त होते.

आयबीएम ७०४ ही निवृत्त झाला. मग लिस्प का संपली नाही? तिने यंत्राला टेकलेला थर पातळ करीत नेला, हे त्याचे उत्तर. १९६२ मध्ये टिमोथी हार्ट आणि माइक लेविन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. तो आधी रसेल यांच्या पद्धतीच्या इंटरप्रिटरवर चालवला आणि त्याच्याकडून त्याचेच भाषांतर यंत्रभाषेत करवून घेतले. स्वतःला स्वतःच घडवणाऱ्या कंपायलरांच्या परंपरेतील हा एक आरंभीचा टप्पा. त्यानंतर नवे यंत्र आले की सगळी भाषा पुन्हा लिहिण्याचे कारण उरले नाही. कंपायलरचा यंत्रविशिष्ट भाग आणि खालचा थर तेवढा बदलायचा.

मात्र हा थर शून्यावर आणता आला नाही. लिस्पची आज्ञावली चालू असताना तिच्याखाली जे साहाय्यक यंत्रणेचे जाळे काम करते, त्याला रनटाइम म्हणतात. त्यातील काही ओळी आजही असेंब्ली भाषेत हाताने लिहाव्या लागतात. स्टील बँक कॉमन लिस्प या मुक्त कंपायलरचे उदाहरण घेता येईल. डिसेंबर १९९९ मध्ये विल्यम न्यूमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील जुन्या कंपायलरपासून तो वेगळा काढला. अँड्र्यू कार्नेगी यांची संपत्ती पोलादातील आणि मेलन यांची पेढीतील, म्हणून ‘स्टील’ आणि ‘बँक’. हा कंपायलर बहुतांशी लिस्पमध्ये लिहिलेला आहे. त्याखाली सी भाषेतील रनटाइम आहे आणि त्याच्याही खाली प्रत्येक प्रोसेसरसाठी असेंब्लीची एक छोटी फाइल.

त्या फाइलचे पहिले काम पुलाचे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि सी भाषा यांचे एक शिष्टाचारशास्त्र असते. कोणते रजिस्टर कोणी वापरायचे आणि कोणते जसेच्या तसे परत करायचे, हे त्यात ठरलेले असते. लिस्पचे शिष्टाचार वेगळे. सीमेवर कोणीतरी एकाचे सामान उतरवून दुसऱ्याचे चढवावे लागते. इंटेल पद्धतीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर लिनक्समध्ये पहिले सहा पूर्णांक रजिस्टरांमधून पाठवले जातात, विंडोजमध्ये चारच. प्रोसेसर तोच, पण ऑपरेटिंग सिस्टीम बदलताच पूल नव्याने बांधावा लागतो.

दुसरी अट स्टॅकची. लिनक्सवर सी फलाला हाक मारण्याच्या क्षणी स्टॅकचा पत्ता १६ ने भाग जाणारा असावा लागतो. असेंब्लीत एखादी बेरीज ८ ने चुकली, तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. पण ज्या दिवशी पलीकडच्या सी फलात १६ ची अट पाळणारी एखादी सदिश आज्ञा येते, त्या दिवशी आज्ञावली कोसळते. चूक सीमेवरची, कोसळणे दूर कुठेतरी. दोहोंमध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते.

तिसरा प्रश्न स्मृतीचा. निरुपयोगी झालेली स्मृती लिस्प स्वतः गोळा करते, ही कल्पनाही मॅकार्थींच्या १९६० च्या निबंधातच आहे. हा सफाई कामगार अधूनमधून सगळे काम थांबवून कोणत्या वस्तू अजून वापरात आहेत ते तपासतो. त्यासाठी समोरचा शब्द संख्या आहे की पत्ता, हे शब्दाच्या तळाच्या बिटांवर कोरलेल्या खुणेवरून ओळखले जाते. आता नवी वस्तू अर्धवट रचली गेली असताना, जागा घेतली पण खूण लिहायची राहिली अशा क्षणी, सफाई सुरू झाली तर? जुना कचरा पत्ता समजून वाचला जाईल. म्हणून त्या काही आज्ञांभोवती ‘आता मध्ये येऊ नये’ असे कुंपण घालावे लागते. आलेला व्यत्यय नोंदवून ठेवायचा आणि काम पुरे होताच त्याला वाट द्यायची.

हे सारे एकदा अचूक लिहिले की संपले, असे मात्र होत नाही. ओळी तशाच राहतात, पण भोवतालचे जग हलते. याचा एक बोलका दाखला २०२२ चा. लिनक्सवरील असेंब्ली फाइलमध्ये ‘येथे स्टॅकवरचा मजकूर आज्ञा म्हणून चालवण्याची गरज नाही’ असे सांगणारी एक ओळ असावी लागते. सीचा कंपायलर ती आपोआप घालतो, हाताने लिहिणाऱ्याला ती आठवणीने घालावी लागते. ती राहिली, तर जुन्या संकेतानुसार संपूर्ण आज्ञावलीचा स्टॅक चालवता येण्याजोगा ठरतो आणि हल्लेखोराला एक दार उघडे मिळते. ऑगस्ट २०२२ मधील बिनयुटिल्स २.३९ या आवृत्तीपासून लिंकर याबद्दल इशारा देऊ लागला. वर्षानुवर्षे निमूट चाललेल्या फाइली एकाएकी सदोष दिसू लागल्या. त्यांतले एक अक्षरही बदललेले नव्हते.

दुसरा दाखला २०२० च्या अखेरीचा. अॅपलने स्वतःचे प्रोसेसर असलेले मॅक आणले आणि त्यांवर स्मृतीचे एकच पान एकाच वेळी लिहिता आणि चालवता येणार नाही, असा निर्बंध घातला. सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण लिस्पचा कंपायलर आज्ञावली चालू असतानाच नवी यंत्रभाषा लिहितो आणि लगेच चालवतो. परिणामी लिस्पच्या रनटाइमला लिहिणे आणि चालवणे यांच्या पाळ्या लावण्याची तजवीज करावी लागली.

उलट दिशेचाही अनुभव आहे. स्टील बँक कॉमन लिस्प एके काळी अल्फा प्रोसेसरवर चालत असे. अल्फाची निर्मिती थांबली. ज्या ओळी तपासून पाहायला यंत्रच उरले नाही, त्यांना जिवंत म्हणणे कठीण. म्हणून या कंपायलरच्या सांभाळकर्त्यांचे धोरण टिफ्रॅकचा धडा लक्षात घेणारे आहे. हाताने लिहिलेली असेंब्ली शक्य तेथे कमी करायची आणि तेच काम लिस्पमध्येच लिहिलेल्या असेंब्लरकडे सोपवायचे.

या प्रश्नाला महाराष्ट्रातही शास्त्रीय रूप मिळाले. जीसीसी हा जगभर वापरला जाणारा कंपायलर कोणत्याही प्रोसेसरसाठी जुळवून घेता येतो, कारण प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन त्याला स्वतंत्र फाइलमध्ये दिलेले असते. हे वर्णन लिस्पच्या धर्तीवर कंसांच्या यादीत लिहितात. जीसीसी सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या लिस्प परंपरेतलेच. ही यंत्रवर्णने प्रचंड लांबतात, त्यांत पुनरुक्ती साचते आणि जुन्या वर्णनाची नक्कल करून नवे लिहिण्याची वहिवाट पडते. आयआयटी मुंबईतील प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच थर अभ्यासाचा विषय केला. यंत्रवर्णन एकदम न लिहिता पायरीपायरीने कसे वाढवावे, त्याची रचना समजण्याजोगी कशी करावी, यावर त्यांनी काम केले आणि ‘इसेन्शिअल अॅब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या कार्यशाळांमधून ते इतरांपर्यंत नेले. सांभाळणे ही केवळ कारागिरी नाही, तीत संशोधनाचे प्रश्न दडलेले आहेत, हे या कामाने दाखवून दिले.

आज याचे महत्त्व वाढले आहे. मार्च २०२५ मध्ये विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि चंदीगडची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून घडवलेला ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटी प्रोसेसर जाहीर झाला. बातम्यांमध्ये झळकली ती चिप. पण त्याच घोषणेत असेही नमूद होते की या प्रोसेसरसाठी अडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर आणि लिंकर इस्रोने स्वतःच विकसित केले आहेत. ती अस्तराची नोंद होती. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे रिस्क-फाइव्ह घराण्यातले असल्याने जगाने त्या घराण्यासाठी लिहिलेला खालचा थर त्यांना उपयोगी पडतो. या थरात स्टील बँक कॉमन लिस्पच्या रिस्क-फाइव्हसाठीच्या ओळीही आहेत. मात्र जगाने लिहिलेले वापरायचे, तर ते सांभाळणाऱ्यांत आपलीही माणसे असावी लागतात.

हे काम शिकण्याचे मार्ग अरुंद आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला असेंब्ली भेटते ती बहुधा एका सत्रापुरती आणि तीही परीक्षेसाठी. अशा फाइली मात्र जगभर मोजकेच लोक वाचू शकतात आणि त्यांतले बरेच जण हे काम स्वेच्छेने, नोकरी सांभाळून करतात. त्यांच्या सुधारणांत कधी एक ओळ वाढलेली असते, कधी चार ओळी कमी झालेल्या. १९५९ मध्ये रसेल यांनी हाताने लिहिलेल्या आज्ञांपैकी आज काहीही वापरात नाही. लिस्प वापरात आहे, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी खाली उतरून अस्तर बदलले. भिलाईची पहिली भट्टीही एकदाच बांधून पुरली नव्हती.