लेखनसीमा : कचेरीतल्या कागदाचा खानदेशी इतिहास

सॉफ्टवेअरच्या नोकरीत दिवसभर कोड लिहायचा असतो, असं कॉलेजात वाटतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस मराठी-इंग्रजीची खिचडी करत कागद लिहिण्यात जातो. डिझाइन डॉक्युमेंट, हॅन्डओव्हरची नोट, रात्री सर्व्हर का पडला याचा अहवाल, क्लायंटला ईमेल. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत हे कुणी शिकवत नाही. मग आपण 'टेक्निकल रायटिंग' असं शोधतो आणि कॅलिफोर्नियात कुणीतरी लिहिलेली दहा सूत्रं वाचतो. सूत्रं वाईट नसतात. पण कचेरीतला कागद कसा लिहावा, कुणी तपासावा, कुठे थांबवावा, याची मराठीत सातशे-आठशे वर्षांची रीत आहे, आणि त्या रीतीचे कागद सांभाळणाऱ्या दोन संस्था माझ्या गावात, धुळ्यात आहेत, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

पाटणचा दगड

सुरुवात धुळ्यापासून थोडी लांब करू. चाळीसगावजवळ पाटण आहे. आज लोक पाटणादेवीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यात धबधबे बघायला जातात. तिथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. त्याचा हा लेख.

लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. राजवंशाची थोरवी, भास्कराचार्यांच्या घराण्याची विद्वत्ता. शेवटी मात्र लेख एकदम मराठीत उतरतो. बाजारात आलेल्या मालावर कुणाकडून किती घ्यायचं, त्यातलं मठाला किती, मोजायचं कुणाच्या मापाने, मापाच्या उत्पन्नात वाटा कुणाचा, हे सगळं बाजारातल्या माणसाच्या भाषेत येतं. माप मठाचंच वापरावं, असंही स्पष्ट सांगितलं आहे.

ज्याने हा मजकूर ठरवला त्याला आपले वाचक दोन आहेत हे ठाऊक होतं. एकाला मान द्यायचा होता आणि दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं होतं. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याच्यासाठी त्याची भाषा आणि नेमकं माप. तेलाचा किंवा धान्याचा व्यापारी संस्कृत श्लोकावरून कर भरणार नाही, हे ओळखणारा माणूस आजच्या कुठल्याही टीममध्ये चालला असता. आपल्याकडे उलटं होतं. संस्कृत श्लोकांच्या जागी 'व्हिजन' आणि 'सिनर्जी' येतात, आणि खालचा मराठी भाग लिहायचा राहूनच जातो.

पत्राला हाडं होती

यादवांच्याच काळात हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर 'मेस्तक' नावाचं प्रकरण सांगितलं जातं. राज्यकारभारातली लिखापढी कशी करावी, कुणाला कोणता मायना लिहावा, याचं ते मार्गदर्शन. पुढे कारकुनांसाठी अशा लेखनप्रशस्ती बनत राहिल्या. आजच्या शब्दांत टेम्प्लेट.

टेम्प्लेट का लागलं, याचं एक कारण लिपीत आहे. दफ्तराची लिपी मोडी. बोरू कमीत कमी उचलून भरभर लिहायची लिपी. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. असं सलग लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कुठे काय आहे हे कसं कळणार? ठरलेल्या शब्दांवरून. मायना संपला की 'विज्ञापना' किंवा 'विनंती उपरी' येणार, तिथून मजकूर सुरू. आलेल्या पत्राला उत्तर असेल तर आधी 'तुमचे पत्र पावले, त्यात अमुक लिहिले' असं सांगून समोरच्याचं म्हणणं थोडक्यात परत मांडायचं, मग आपलं उत्तर. 'बहुत काय लिहिणे' आलं की संपलं. ही वाक्यं आज आपल्याला नुसती शिष्टाचाराची वाटतात. त्या कागदावर ती हेडिंगचं काम करत होती.

पत्रात मागण्या बऱ्याच असतील तर यादी करायची. एकेक कलम सुटं लिहायचं आणि निर्णय त्या-त्या कलमासमोर नोंदवायचा. करारमदारांचे कितीतरी कागद असेच आहेत. एका कलमाला एक उत्तर. दहा प्रश्न विचारलेल्या ईमेलला 'ओके, नोटेड' एवढंच उत्तर आलं की मला ही याद्यांची पद्धत आठवते.

तपासणारा वेगळा

शिवाजी महाराजांच्या काळात हा कारखाना पूर्ण बसलेला दिसतो. चिटणीस पत्रं लिहिणार. अष्टप्रधानांतला सचिव, म्हणजे सुरनीस, याचं नेमलेलं काम होतं राजपत्रं तपासण्याचं. अक्षर उणं-अधिक असेल तर दुरुस्त करायचं आणि आपली खूण करायची. राज्यातल्या आठ मोठ्या माणसांपैकी एक जण मसुदे वाचून दुरुस्त करायला बसवला होता. आपण ज्याला 'रिव्ह्यू' म्हणतो आणि शुक्रवारी संध्याकाळी न वाचताच 'अप्रूव्ह' दाबतो, ते काम तिथे मंत्रिमंडळातलं होतं.

तपासून झालं की शिक्का. वर मुख्य मुद्रा आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती. मर्यादा इथे आहे, म्हणजे याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे. हीच 'लेखनसीमा'. कागद एकाला एक चिकटवून लांब गुंडाळी केली असेल तर जोडावरही शिक्का उठवायचा, म्हणजे मधला तुकडा कुणाला बदलता येऊ नये. पाठीमागे 'सुरु सूद', 'बार' असे छोटे शेरे. कागद दफ्तरात नोंदला गेल्याच्या या खुणा.

एवढा जाच कशासाठी? कारण त्या कागदावर कुणाचं तरी वतन उभं असायचं. सनदेत एक ओळ वाढली तर एका घराची जमीन दुसऱ्याकडे जायची. दोन-तीन पिढ्यांनी तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष जुने कागद घेऊन यायचे, आणि कुठला खरा ते या खुणांवरून ठरायचं.

शब्दांचाही बंदोबस्त झाला. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. पर्यायांतले काही रुळले. पण तारीख, अर्ज, हुकूम, मसुदा, रुजू हे शब्द कुठेच गेले नाहीत, आजही तहसील कचेरीत नांदत आहेत. शब्द ठरवणाऱ्याइतकाच अधिकार ते रोज वापरणाऱ्या कारकुनाचाही असतो.

उंदीर आणि वात

रीत समजली तरी चांगला कागद म्हणजे काय, हे एखादा नमुना पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते मराठीतला सर्वांत चांगला कचेरीतला कागद म्हणजे चिपळूणकडे छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांकडून गेलेलं पत्र. राजवाड्यांनी ते आपल्या साधनखंडांत छापलं.

विषय साधा आहे, पावसाळ्यापुरता साठवलेला दाणा-गवत जपून वापरा. पण 'जपून वापरा' एवढ्यावर पत्र थांबत नाही. आत्ता मनमानी उधळलंत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही. मग घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुमची माणसं गावात जातील, कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. मग कुणबी गाव सोडतील, त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल.

पुढे आगीचा मुद्दा. कुणी स्वयंपाक करेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. मग कुणाला कितीही शिक्षा केली तरी गवताची काडी मिळायची नाही.

हे पत्र वाचून मी चकित झालो ते त्यातल्या उंदरामुळे. नियम सगळेच लिहितात. इथे लिहिणाऱ्याने छावणीतली रात्र डोळ्यांसमोर आणली आहे. काय बिघडू शकतं, कोणत्या क्रमाने, त्यात कोण भरडलं जाईल, आणि नंतरच्या शिक्षेने काहीच परत का येणार नाही. आमच्या क्षेत्रात याला 'रिस्क अ‍ॅनालिसिस' म्हणतात आणि त्याचा तक्ता करतात. तक्त्यात उंदीर क्वचितच सापडतो.

साल नसलेली पत्रं

आता धुळ्याकडे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली छापला. पुढे असे २२ खंड झाले. गावोगाव फिरून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून त्यांनी कागद काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी पुढच्याच वर्षी संस्था उभी केली. तेच आजचं राजवाडे संशोधन मंडळ.

राजवाड्यांच्या पिढीला सगळ्यात जास्त छळलं ते एका साध्या उणिवेने. राजाज्ञांवर आणि सनदांवर सन असायचा, तोही अरबी शब्दांत. 'इसन्ने सितैन मया व अलफ' म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६२. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६१, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, शेतकऱ्याच्या हंगामाबरोबर सुरू होतं. आकडा खाडाखोड करून बदलता येतो, शब्द बदलणं अवघड. पण रोजच्या पत्रांवर, बातमीपत्रांवर अनेकदा नुसता महिना आणि चंद्र असायचा. 'छ १४ रबिलाखर.' साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते कोणतं वर्ष चाललंय हे माहीतच होतं, मग लिहायचं कशाला?

दीडशे वर्षांनी तेच पत्र उघडणाऱ्याला मात्र लढाई आधी की तह आधी, हे कळेना. मग काय करायचं? मुसलमानी वर्ष दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतं. आपल्या पंचांगात अधिक महिना धरून ऋतू सांभाळला जातो. त्यामुळे रबिलाखर श्रावणात पडणं लागोपाठ दोन-तीन वर्षंच घडतं, आणि पुन्हा तसा योग यायला बत्तीस-तेहतीस वर्षं लागतात. पत्रात कुठे पाऊस, पेरणी, सण, वार यांचा उल्लेख सापडला की वर्षं गाळत जायची. दोन आकडे लिहायचे वाचले आणि त्याच्या भरपाईला संशोधकांची आयुष्यं गेली.

'न्यू प्रोसेस' अशा नावाची, तारीख आणि मालक नसलेली पानं प्रत्येक कंपनीच्या विकीवर असतात. कुठली प्रोसेस? नवी, म्हणजे केव्हा नवी? लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. मला अशी पानं दिसली की 'छ १४ रबिलाखर' दिसतं.

म्हातारपणी वाचता यावं म्हणून

धुळ्यातली दुसरी संस्था म्हणजे समर्थ वाग्देवता मंदिर. वकिली करणारे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा सुरू केली आणि मठामठांतून रामदासी संप्रदायाच्या पोथ्या जमवल्या. समर्थांच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं वाल्मीकिरामायणाचं हस्तलिखित तिथेच आहे.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात अध्यात्म नाही, शुद्ध कारागिरी आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच हात दिसावा. ओळ ओळीला भिडू नये. कडेने जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी झिजेल ती मोकळी कड, अक्षर वाचेल. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही.

या शेवटच्या सूचनेत वाचक म्हणजे लिहिणारा स्वतःच आहे, काही वर्षांनी थकलेला. रात्री तीन वाजता फोन वाजून उठलेल्या आणि स्वतःचीच सहा महिन्यांपूर्वीची नोट वाचणाऱ्या इंजिनिअरला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्यांतून मी माझी रीत बनवली आहे. आधी वाचक कोण ते ठरवायचं, आणि काम करणाऱ्याचा भाग त्याच्या भाषेत लिहायचा. समोरच्याने काय विचारलं ते एका ओळीत परत मांडायचं. एका कलमाला एक उत्तर. उंदीर कुठून येईल ते शोधायचं. मसुदा दुसऱ्याला द्यायचा, आणि तो खरंच वाचेल अशाला. शेवटी नाव, तारीख आणि साल. मग लेखनसीमा, त्याखाली काही वाढवायचं नाही. बदल करायचा तर नवा कागद आणि जुन्याची खूण.

राजवाडे मंडळात अजून मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. मोडी वाचू शकणारे हात मात्र थोडे आहेत. धुळ्याचे असाल, किंवा कधी धुळ्याला आलात, तर एकदा जाऊन या. कुणातरी कारकुनाने घाईत लिहिलेलं, सुरनिसाने तपासलेलं, शेवटी शिक्का मारून थांबवलेलं एखादं पत्र बघा. आणि त्यावर साल आहे का, तेवढं शोधा.