टोमॅटोआधीचा रस्सा

यूट्यूबवर 'पारंपरिक आमटी' असं शोधून बघा. बऱ्याच व्हिडिओंमध्ये फोडणी तडतडली की पहिल्या मिनिटभरात एक टोमॅटो चिरला जातो. रस्सा म्हटलं की कांदा-टोमॅटो, ग्रेव्ही म्हटलं की कांदा-टोमॅटो. विशी-तिशीतल्या आपल्यासारख्यांना तर हे दोघं जुळे भाऊ वाटतात. पण यातला कांदा आपल्याकडे फार जुना आहे. टोमॅटो मात्र पंगतीत अगदी शेवटी येऊन बसलेला पाहुणा आहे. तो येण्याआधी आपला रस्सा आंबट, दाट आणि लाल कशाने होत होता, या प्रश्नाच्या मागे मी गेलं वर्षभर लागलो आहे. त्यामागे घरचं एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी पाहुण्याची ओळख. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातले. त्याची शेती बहरली मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'टोमाट्ल' या शब्दावरून त्याचं नाव आलं. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली आणि त्यानंतर हे फळ जहाजातून युरोपात पोचलं. इटलीत मातिओली या वैद्याने १५४४ मध्ये त्याचा उल्लेख केला आहे. पण टोमॅटोच्या सॉसची पहिली इटालियन कृती छापून यायला आणखी दीडशे वर्षं लागली. नेपल्समध्ये काम करणाऱ्या अंतोनिओ लातिनीच्या १६९२-९४ च्या पुस्तकात ती सापडते, आणि तिथेही तिचं नाव 'स्पॅनिश पद्धतीचा' सॉस असंच आहे. पास्ता आणि टोमॅटो छापील पानावर एकत्र आले ते थेट १७९० च्या सुमारास. तोवर इटालियन लोक पास्ता किसलेल्या चीजबरोबर खात, कधी वरून साखर-दालचिनी भुरभुरत. आंबटपणासाठी त्यांच्याकडे व्हिनेगर आणि कच्च्या द्राक्षांचा रस होता.

केचपचंही तेच. हा शब्द चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होक्कियन बोलीतला मानला जातो आणि त्याचा मूळ अर्थ मासे आंबवून केलेला रस. इंग्रजांनी त्याची नक्कल मशरूमपासून, अक्रोडापासून केली. टोमॅटोच्या केचपची पहिली ज्ञात छापील कृती १८१२ ची, अमेरिकेतल्या जेम्स मीझ या डॉक्टरची. म्हणजे टोमॅटोशिवाय सॉस ही आजची डाएटवाली टूम नव्हे. सॉसच्या इतिहासाचा मोठा भाग टोमॅटोविनाच घडला आहे.

विलायती वांगं

भारतात टोमॅटो बहुधा पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. पण येणं वेगळं आणि स्वयंपाकघरात शिरणं वेगळं. मिरचीही अमेरिकेतलीच, पण ती झपाट्याने पसरली. परसात लावता येणारा तिखटपणा मिळाल्यावर महागडी मिरी कोण विकत घेणार? टोमॅटोला मात्र इथे रिकामी जागाच मिळाली नाही. आंबटाचं खातं आधीच भरलेलं होतं.

जॉर्ज वॉट या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या शेतमालाचा एक अवाढव्य कोश केला. तो १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात टोमॅटोबद्दल लिहिलंय की इथल्या लोकांना हे फळ आवडू लागलं आहे, पण लागवड मुख्यतः युरोपियन लोकांसाठीच होते. बंगाली आणि बर्मी लोक ते आंबट कालवणात घालतात, एवढी नोंद आहे. बंगालीत टोमॅटोला 'बिलाती बेगुन' म्हणत, म्हणजे विलायती वांगं. मराठीत 'वेलवांगी' हे नाव होतं, आणि विदर्भात आजही 'भेदरं' ऐकू येतं. या नव्या फळाला लोकांनी ओळखीच्या वांग्याच्या घरात नेऊन बसवलं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानेही ते बरोबरच, दोघं एकाच कुळातले.

आणि ज्या पोर्तुगीजांनी टोमॅटो आणला असं आपण म्हणतो, त्यांची गोव्यातली सगळ्यात प्रसिद्ध खूण कोणती? विंदालू. वाइन आणि लसूण यांत मुरवलेल्या पोर्तुगीज मांसाचा हा गोवेकर वंशज. त्याचा आंबटपणा माडाच्या व्हिनेगरचा आणि लाली मिरचीची. टोमॅटोचं तिथे कामच नाही.

एका फळाची चार कामं

टोमॅटो रश्शात नेमकं करतो काय? तो आंबटपणा देतो, थोडा गोडवा देतो, शिजून दाटपणा देतो आणि लाल रंग देतो. शिवाय त्यात ग्लुटामेट असतं, त्यामुळे चव भरल्यासारखी वाटते. म्हणून टोमॅटो काढून त्याच्या जागी एकच पदार्थ टाकला, की रस्सा फसतो. जुन्या स्वयंपाकघरात ही कामं वेगवेगळ्या हातांत होती.

आंबटपणाचा नकाशा काढला, तर तो जवळपास तालुक्यातालुक्याला बदलतो. घाटावर चिंच, जोडीला गूळ. कोकणात आमसूल, म्हणजे रातांब्याची मीठ आणि रस लावून उन्हात वाळवलेली सालं. गोव्यात त्यांनाच 'सोलां' म्हणतात. माशांच्या कालवणात बिंबलं किंवा कैरी. सासवात आंबाडे. विदर्भात अंबाडीची पानं. दही-ताक सगळीकडेच. उन्हाळ्यात कैरीची उडदामेथी, पावसाळ्यात आमसुलाचं सार.

दाटपणासाठी भाजलेलं सुकं खोबरं, कांद्याचं वाटण, तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, डाळीचं पीठ. रंगासाठी मिरची. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शातलं 'तांबडं' हे मिरचीचं, आणि पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध आणि खसखस. काश्मिरी पंडितांच्या रोगन जोशमध्येही दही आणि लाल मिरची, टोमॅटो नाही.

बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या ताटाचं सविस्तर वर्णन आहे. त्या ताटात टोमॅटोच काय, मिरची आणि बटाटाही असणं शक्य नव्हतं. तरी ते ताट फिकं नव्हतं. मिरी, हिंग, दही, ताक आणि आंबट फळांचे रस होतेच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख स्वदेशीचा पोवाडा वाटेल. चिंचसुद्धा बाहेरची आहे! ती मूळची आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी इथे आली आणि इतकी रुजली, की अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटलं. त्यातूनच इंग्रजी 'टॅमरिंड' आला. शेंगदाणा आणि मिरची अमेरिकेतून आलेले. तेव्हा मूळचं कोण आणि उपरं कोण, हे भांडण इथे निरर्थक आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो पर्याय माहीत असणं आणि नसणं यांतला फरक.

वेगळं पातेलं

तो फरक आमच्या घरी कळला. दादाचं लग्न झालं. वहिनीला टोमॅटोची अ‍ॅलर्जी आहे. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. डॉक्टरांनी टोमॅटो पूर्ण बंद सांगितलाय. आमचं रविवारचं जेवण सगळ्यांचं एकत्र असतं. सुरुवातीला आई तिच्यासाठी टोमॅटो घालण्याआधी थोडी भाजी वेगळ्या पातेल्यात काढायची. वहिनी म्हणायची, "आई, माझ्यासाठी एवढं नका करू, मी दह्याशी खाईन पोळी." आणि खरंच खायची. नव्या घरात आलेल्या मुलीने दर रविवारी सगळ्यांसमोर वेगळ्या वाटीतून जेवायचं, हे बघायला बरं वाटत नव्हतं. एका रविवारी आईच म्हणाली, "पातेलं एकच राहील. आपणच टोमॅटो सोडू."

मग आजीला फोन. ती माणच्या दुष्काळी पट्ट्यात वाढली. तिच्या लहानपणी टंबाटी आठवडी बाजारात कधीतरी दिसायची. तिच्याकडून आणि स्वतः करून जे कळलं, ते थोडक्यात सांगतो. चिंचेचा कोळ शेवटी घालायचा, कारण आंबट पाण्यात डाळ आणि बटाटा लवकर शिजत नाहीत. आमसूल उकळी आली की टाकायचं, फार वेळ उकळायचं नाही. दही डाळीच्या पिठाबरोबर घुसळून मंद आचेवर घालायचं, म्हणजे फुटत नाही. पावभाजीत लाल भोपळा आणि थोडं बीट शिजवून घोटलं आणि आमचूर घातलं, की रंग आणि दाटपणा दोन्ही येतात. पनीरच्या भाजीला कांद्याची पेस्ट, काजू, दही आणि काश्मिरी मिरची. चव टोमॅटोसारखी येत नाही. ती वेगळी येते, आणि आता सगळे ती मागून घेतात.

तरी टोमॅटो जिंकला

इतकं सगळं असताना टोमॅटो जिंकला कसा? एक कारण हॉटेल. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये 'मोती महल' सुरू केलं आणि तिथलं बटर चिकन देशभर गाजलं. ते नेमकं कोणाचं, यावर २०२४ मध्ये दोन घराण्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. टोमॅटो-लोण्याची ती ग्रेव्ही 'पंजाबी भाजी' म्हणून महाराष्ट्रातल्या हायवेवरच्या प्रत्येक ढाब्यावर आली आणि तिथून घरात. दुसरं कारण शेती: सुधारित वाण, विहिरी-कालव्यांचं पाणी, ट्रक. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून टोमॅटो बारा महिने शहरात येऊ लागला.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. जुन्या रश्शाची किंमत कोणाच्या तरी खांद्यांनी मोजली होती. खोबरं भाजणं, पाट्यावर वाटण वाटणं, उन्हाळ्यात चिंच फोडून चिंचोके काढणं, मीठ लावून गोळे बरणीत भरणं, ही सगळी बायकांची कामं. टोमॅटो दोन मिनिटांत चिरून होतो. नोकरी करून आलेल्या आईने तो जवळ केला, यात आश्चर्य ते काय! तेव्हा टोमॅटोआधीच्या रश्शाचे गोडवे गायचे असतील, तर वाटण कोण वाटणार हेही सांगायला हवं. आमच्याकडे रविवारचं वाटण दादा आणि मी करतो. मिक्सर आहे, त्यामुळे शौर्याचा आव आणत नाही.

बरणी आणि ट्रक

पण या सोयीची दुसरी बाजू बाजारात दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळाले म्हणून नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो शंभराच्या पार गेला, काही शहरांत दोनशेच्याही वर, आणि केंद्र सरकारला दिल्लीत ९० रुपये किलोने तो विकावा लागला. या चढउतारावर उपाय म्हणून २०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी 'ऑपरेशन ग्रीन्स' ही ५०० कोटींची योजना जाहीर झाली होती. टोमॅटो नाशवंत आहे. तो शेतकऱ्याला थांबू देत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. बरणीतली चिंच आणि डब्यातलं आमसूल वर्षभर थांबतात.

आमच्या धंद्यात सगळा प्रोग्राम एकाच बाहेरच्या लायब्ररीवर उभा असेल, तर जुनेजाणते लोक अस्वस्थ होतात. ती लायब्ररी वाईट असते असं नाही. ती बंद पडली तर पुढे काय करायचं, हे कोणालाच माहीत नसतं, ही खरी भीती. टोमॅटोचं तसंच झालंय. तो चांगलाच आहे, शेतकऱ्याच्या पोटाचाही आहे, आणि घरी कोणाला त्रास नसेल तर जरूर खावा.

फक्त एक करा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी कालवणाला आंबट काय असायचं? उत्तर चिंच असेल, आमसूल असेल, अंबाडी असेल, किंवा एखाद्या रानफळाचं नाव असेल, जे तुम्ही कधी ऐकलेलं नाही. ते मोबाइलवर टिपून ठेवा, गाव आणि महिन्यासकट. कोणत्या ऋतूत, कधी घालायचं आणि किती, तेही विचारा. प्रमाण बहुधा 'अंदाजाने' असंच मिळेल. तेवढं आपलं आपल्याला शोधावं लागेल.