रुपये, आणे, पै

बोरघाट उतरून येणारा देशावरचा माल आणि खाडीतून मुंबईस जाणारी गलबते यांच्या संधिस्थानी वसलेल्या पनवेल बंदरातील तांदूळ-मिठाचे जुने हिशेब समजून घ्यावयाचे, तर सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा म्हणजेच बारा पैंचा आणा, आणि म्हणून १९२ पैंचा रुपया, ही श्रेणी प्रथम ध्यानी धरावी लागते. पेशवाईत नाना टांकसाळींची, निरनिराळ्या कसाची नाणी चालत असल्याने सराफाचा बट्टा अटळ असे. १८३५च्या कायद्याने कंपनी सरकारचा तोळाभर वजनाचा रुपया सर्वत्र एकरूप झाला, तरी तांब्याची शिवराई रयतेच्या कनवटीला पुढेही दीर्घकाळ टिकली. खतावणीत ‘५॥।’ दिसले, की ते पावणेसहा रुपये, अर्थात पाच रुपये बारा आणे, कारण प्रत्येक उभा दंड पावलीचा. ही लेखनपद्धती मला दशांशचिन्हाहून अधिक बोलकी वाटते. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तेव्हा पावलीचे नेमके पंचवीस पैसे झाले. आण्याचे मात्र सव्वासहा, आणि देवघेवीत सहाच. पनवेलीच्या ज्या वाड्यांतून अशा चोपड्या अद्याप शिल्लक असतील, त्यांच्या धन्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच विनंती.