बाळंतपणाचा भार कोणी उचलायचा? १९२८ चा प्रश्न अन् आपली देवरी

१९२८ च्या जुलै महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल चर्चेला आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही, कारण बाईच्या श्रमाचा फायदा तोही घेतोच.

१९२९ मध्ये कायदा झाला, पण पैसे एकट्या मालकाने द्यायचे. १९३० मध्ये मध्यप्रांतानेही तसाच कायदा केला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच होता. पण कायदा कारखान्यातल्या बायकांपुरता. तेंदूपत्ता तोडणारी, बांधीत रोवणी करणारी, घरी विडी वळणारी बाई कोणत्या कारखान्याच्या हजेरीवर होती?

माझ्या मते घोळ इथूनच सुरू झाला. खर्च मालकाच्या माथी मारला की तो साधा हिशेब करतो: नवीन लग्न झालेली बाई कामावर घ्यायचीच कशाला? १९४८ च्या ईएसआय कायद्याने विम्याची वाट काढली, पण तीही नोंदणी असलेल्यांसाठी. १९६१ चा केंद्रीय कायदा पुन्हा मालकाच्याच खिशावर. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, तरी पगार मालकानेच द्यायचा.

स्वीडनने १९७४ मध्ये वेगळं केलं. रजेचा पैसा सामाजिक विम्यातून, अन् रजा बापालाही. मूल झाल्यावर तिथेही आईची कमाई घटते, पण नोकरी सहसा टिकते.

आपल्याकडे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० ठरले. रोवणीच्या हंगामात एवढ्यावर किती दिवस घरी बसता येईल, तुम्हीच सांगा.

आणखी एक. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची अन् तिला मजुरी द्यायची. तुमच्या गावच्या कामावर अशी बाई कधी दिसली का? दिसली असेल तर गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा. नसेल दिसली, तर लेकरांची सोय काय, हे येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. बाबासाहेबांनी मांडलेल्या प्रश्नाला लवकरच शंभर वर्षं होतील.