झाकणाची जागा

अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या परसात हॉट टब असला की त्यावर साधारण सात फूट लांब-रुंद झाकण असते. आत थर्मोकोलचा चार-पाच इंची थर, बाहेर व्हायनिलचे कापड आणि मधोमध घडी घालण्यासाठी सांधा. पाण्यात उतरायचे म्हटले की हे झाकण दुमडून बाजूला काढावे लागते आणि मग ते टबाच्या कडेला भिंतीसारखे उभे राहते. बागेचे दृश्य अडते आणि ज्या निवांतपणासाठी टब घेतला त्याच्या मधोमध हे धूड येते. म्हणून ते नजरेआड कसे ठेवावे, याचा विचार टब आणल्यानंतर सुरू होतो. माझ्या मते तिथेच चूक होते. झाकण लपवावे लागते, कारण टब घडवताना त्याच्या जागेचा विचार झालेला नसतो. गरम पाण्यात बसण्याची सवय ज्या देशात सर्वांत खोल रुजली त्या जपानचा इतिहास पाहिला, तर तिथे हा प्रश्न या रूपात उभाच राहिला नाही असे दिसते.

जपानी घरातल्या न्हाणीचे एक जुने रूप म्हणजे गोएमोनबुरो. 1594 मध्ये क्योतोत इशिकावा गोएमोन या दरोडेखोराला उकळत्या कढईत टाकून मारले, त्याच्यावरून हे नाव पडले. तळाला लोखंडी कढई, वर लाकडी पिंप आणि खाली चूल, अशी तिची बांधणी. आपल्याकडे न्हाणीघरात चुलीवर हंडा तापतो तसेच हे, फक्त इथे हंड्यातले पाणी तांब्याने काढून न घेता माणूस स्वतःच हंड्यात बसतो. मग तळाच्या तापलेल्या लोखंडाचे काय करायचे? त्यासाठी पाण्यावर एक गोल लाकडी फळी तरंगत ठेवलेली असे. कोणी नसताना ती वाफ अडवी आणि पाणी निवू देत नसे. माणूस आला की तो त्या फळीवरच पाय देई, त्याच्या वजनाने फळी खाली जाई आणि कढईच्या तळाशी बसून पायाखालची जमीन बने. तो बाहेर पडला की फळी पुन्हा वर येई. झाकण काढणे, ठेवणे, लपवणे यांतले काहीच करावे लागत नसे.

ही युक्ती इतकी सहज होती की ती ठाऊक नसलेल्याला कळतही नसे. जिप्पेन्शा इक्कूच्या 1802 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘तोकाइदोचू हिझाकुरिगे’ या प्रवासकथेत याजी आणि किता हे एदोचे, म्हणजे आजच्या तोक्योचे, दोन प्रवासी ओदावाराच्या एका खाणावळीत उतरतात. ही न्हाणी क्योतो-ओसाकाकडची, एदोच्या माणसांच्या सवयीची नव्हे. याजी पाण्यावरची फळी पाहतो, तिला साधे झाकण समजून बाजूला काढून ठेवतो आणि पाय पोळून घेतो. मग शौचकूपाजवळच्या लाकडी खडावा घालून तो पाण्यात बसतो. नंतर किताही तेच करतो आणि खडावांच्या आघाताने कढईचा तळच फुटतो. वाचक दोनशे वर्षे या प्रसंगाला हसत आले आहेत. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक चोख पुरावा सापडतो. झाकण ही बाजूला काढून ठेवायची वस्तू आहे, एवढ्या एका गैरसमजावर सगळा घोटाळा उभा आहे. त्या न्हाणीत झाकणाला बाजूची जागा नव्हतीच. त्याची जागा पाण्यात होती.

शहरातल्या सार्वजनिक स्नानगृहांनी, म्हणजे सेन्तोंनी, वेगळी वाट धरली. एदोतले पहिले सेन्तो 1591 चे मानले जाते. पुढे लाखोंच्या वस्तीत लाकूडफाटा महाग झाला, आगीची भीती कायमची, त्यामुळे घरोघरी न्हाणी परवडेना आणि सेन्तो वाढले. अनेकांच्या हौदावर रोज झाकण घालणे-काढणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी सगळ्या खोलीलाच झाकण घातले. हौदाच्या पुढे छतापासून खाली उतरलेली एक आडभिंत असे आणि तिच्याखालून वाकून आत शिरावे लागे. तिला झाकुरोगुची, म्हणजे डाळिंबाचे दार म्हणत. धातूचे आरसे तेव्हा डाळिंबाच्या रसाने घासत, आणि ‘आरसा घासणे’ व ‘वाकून शिरणे’ यांचे जपानी शब्द सारखेच ऐकू येतात, त्या श्लेषावरून हे नाव पडल्याचे सांगतात. वाफ अडवणारी ही भिंत कोणी लपवली नाही. तिला देवळाच्या कमानीसारखे रूप दिले, तिच्यावर चित्रे काढली, आणि स्नानगृहातली सर्वांत देखणी गोष्ट तीच ठरली. पण या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे. आत काळोख असे, धुरकट वाफ कोंडे, पाण्याचा मळ दिसत नसे. मेइजी काळात सरकारने झाकुरोगुचीवर बंदी आणली आणि 1877 मध्ये तोक्योच्या कांदा भागात उंच छताचे, उजेडाचे सुधारलेले सेन्तो सुरू झाले. झाकण देखणे असले तरी ते पाण्याची स्वच्छता झाकणार असेल तर टिकत नाही.

विसाव्या शतकात न्हाणी पुन्हा घरात आली. 1955 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाच्या सदनिकांमध्ये स्वतःचे स्नानगृह मिळू लागले. जपानी रीतीप्रमाणे अंग टबाबाहेर धुऊन मगच पाण्यात बसतात, त्यामुळे तेच पाणी एकामागून एक सगळे घर वापरते. अशा ठिकाणी झाकण ही चैन नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की ते इतकी उष्णता घेऊन जाते की दोनशे लिटरच्या टबाचे तापमान जवळजवळ 3 अंशांनी उतरते. वडील निघाले आणि आई येईपर्यंत टब उघडा राहिला तर तिच्या वाट्याला कोमट पाणी येते. मात्र स्नानगृह चिंचोळे. म्हणून दुकानाच्या शटरसारखे गुंडाळी होणारे झाकण आले, दोन-तीन तुकड्यांचे फळीवजा झाकण आले, आणि ते टांगायला भिंतीत आकडेही बसवले जाऊ लागले. आकड्याची जागा भिंत उभारतानाच ठरते.

कॅलिफोर्नियात याच्या उलट घडले. रॉय जकूझी यांनी 1968 मध्ये पंप अंगातच बसवलेला टब बाजारात आणला, पण तो न्हाऊन रिकामा करायचा होता, त्याला झाकणाची गरज नव्हती. परसातला हॉट टब वेगळा. त्याच दशकात सान्ता बार्बराच्या परिसरात लोकांनी वाइनची जुनी पिंपे आणि रेडवुडच्या टाक्या आणून त्यांत गरम पाणी भरायला सुरुवात केली. हे पाणी आठवडेच्या आठवडे तसेच तापते ठेवायचे असते. पिंप मुळात दुसऱ्याच कामाचे, त्यामुळे झाकणाची जागा त्याच्या घडणीत असणे शक्यच नव्हते. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधनाचा हिशेब कडक झाला, उघड्यावरच्या तापवलेल्या पाण्यावर आच्छादन हवे असा नियम कॅलिफोर्नियाच्या इमारत संहितेत आला, आणि जाड थर्मोकोलचे झाकण वरून लादले गेले. उपरे म्हणून आलेले हे झाकण आजही उपरेच आहे.

यावर एक सरळ आक्षेप येईल. जपानी झाकण घरातले, बंद खोलीतले. बर्फात उघड्यावर असलेल्या टबाला पातळ गुंडाळी काय कामाची? हे खरे आहे. जाड थर गुंडाळता येत नाही. शिवाय मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि 1991 च्या अमेरिकी सुरक्षा मानकाने झाकण कुलूपबंद व भार पेलणारे असावे असा आग्रह धरला आहे. तुकड्यांच्या सुट्या फळ्यांनी ते साधणार नाही. पण जपानकडून घ्यायचे ते झाकणाचे माप नव्हे, ते ठरवण्याचा क्रम. दुसरे म्हणणे असे की उचलण्याची यांत्रिक दांडी लावली की प्रश्न मिटतो. दांडी कष्ट वाचवते, पण झाकण कुठेतरी उभे राहतेच, आणि त्यासाठी टबाच्या मागे दीड-दोन फूट मोकळी जागा लागते. कुंपणाला चिकटून टब बसवला तर ती मिळत नाही, आणि मग झाकण गवतावर पडते, आतल्या थरात पाणी शिरते व ते दुप्पट जड होते.

तेव्हा टब घेणाऱ्याने खालचे काँक्रीट ओतण्याआधी झाकणाची जागा आखावी. ती शेजाऱ्याच्या खिडकीच्या बाजूला ठेवावी, म्हणजे उभे राहिलेले झाकणच आडोसा होईल. कोणतीच बाजू अडवायची नसेल तर टबाच्या काठाखाली उतरणारी दांडी घ्यावी, किंवा मागे काठाच्या उंचीची लाकडी मांडणी बांधून झाकण तिच्यावर आडवे सरकवावे. या कशालाच झाकण लपवणे म्हणता येणार नाही, आणि त्याची गरजही उरणार नाही.